सेना महाराजांची धोकटी

श्रावण वद्य द्वादशी जवळ आली की आमच्याकडे निरनिराळ्या गावांच्या नाभिक मंडळींची बोलावणी येऊ लागतात. त्या दिवशी सेना महाराजांची पुण्यतिथी. गेली पुष्कळ वर्षे आम्ही त्या निमित्ताने कोठे ना कोठे उभे राहतो, चरित्र सांगतो, गुलाल-फुले पडतात, महाप्रसाद होतो, आणि नारळ-उपरणे घेऊन आम्ही घरी येतो. चरित्र इतके पाठ आहे की मध्यरात्री उठवून विचारले तरी सांगू. पण पाठ झालेली गोष्ट सांगताना सांगणाराच ती ऐकेनासा होतो. ते आमचे झाले, आणि त्याचे फळ दुसऱ्याच एका घराला दोन वर्षे भोगावे लागले. ती हकीकत या पुण्यतिथीच्या अंकात वाचकांपुढे ठेवावयाची आहे. संबंधितांना विचारूनच लिहीत आहोत. नावे मात्र सांगणार नाही.

आमच्या दिंडीत पुरंदर तालुक्यातले एक माळकरी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. एकतीस वाऱ्या झालेला टाळकरी. जमीन थोडी, त्यात अंजिराची बाग आणि बांधाला सीताफळे. एकादशी चुकलेली नाही, हरिपाठ चुकलेला नाही. त्यांना एकुलती एक मुलगी. या मुलीला लहानपणापासून केसांचे वेड. मक्याच्या कणसाचे केस विंचरून ती त्यांच्या वेण्या घालायची. शाळेच्या गॅदरिंगला वर्गातल्या सगळ्या पोरींच्या वेण्या हिच्या हातच्या. सातवीत असताना तिने चुलतबहिणीचे केस घरातल्या कातरीने कापले, एक बाजू चार बोटे आखूड झाली, आणि आईने लाटण्याचा प्रसाद दिला. आबा ही गोष्ट पूर्वी हसून सांगत. पुढे सांगेनासे झाले.

कारण बारावी झाल्यावर पोरीने सांगितले की मला हेच शिकायचे आहे. आबांनी नर्स हो म्हणून पाहिले, डीएड कर म्हणून पाहिले. आईने मधे पडून तिला पुण्याला धाडले. सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी म्हणून एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो तिने केला आणि एका सलूनमध्ये मदतनीस म्हणून लागली. पहिले आठ महिने तिच्या हाती कातर आलीच नाही. खाली पडलेले केस झाडायचे, टॉवेल धुवायचे, गिऱ्हाइकांची डोकी धुवायची. दिवसभर पाण्यात आणि शाम्पूत हात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतून कातडी फाटली. हे दुखणे या धंद्यात घरोघरचे आहे असे तिने आम्हाला मागाहून सांगितले. रात्री खोबरेल लावून, हातांत सुती मोजे घालून ती निजे. आबा गावात सांगत, पोरगी पुण्यात हापिसात आहे. गळ्यात माळ असलेला माणूस रोज एक खोटे बोलत होता, आणि ते त्यांना टोचतही होते. हे आम्ही अगोदर ओळखावयास हवे होते.

मग 2020 साल आले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि सलूनला कुलूप लागले. आपल्या राज्यात केशकर्तनालयांना परवानगी मिळाली ती 28 जूनला. तीन महिने पगार नाही, खोलीचे भाडे अंगावर. पोरगी गावी आली. वाचकांना ते साल आठवतच असेल. 1 जुलैला आषाढी झाली, माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या, आणि आपण सारे घरच्या उंबऱ्यावर उभे राहून रडलो. दाढ्या वाढलेल्या, केस मानेवर आलेले. आबांच्या वाडीतले म्हातारे एकेक करून त्यांच्या अंगणात येऊ लागले. तोंडाला फडके बांधून पोरगी लिंबाखाली खुर्ची मांडी आणि दर गिऱ्हाइकामागे कातर उकळत्या पाण्यातून काढी. पैसे घेतले नाहीत. कोणी अंडी ठेवी, कोणी शेराभर ज्वारी. अंडी परत जात, ज्वारी राही. आबा त्या वेळी शेतावर निघून जात. आता गावाला कळले होते की हापीस ते कसले.

वारी दोन वर्षांनी, 2022 साली, पुन्हा पायी निघाली. लोणंदच्या मुक्कामी, राहुटीत सगळे निजल्यावर, आबा आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, एक इचारायचं व्हतं. पोरगी न्हाव्याचं काम करती. माळ असल्याल्या घरात हे चालतंय का? तुम्ही सांगाल ते धरून चालीन."

आता आम्ही काय केले ते ऐका. आम्ही दमलेलो होतो, पाय ठणकत होते. पडल्या पडल्या म्हणालो, "आबा, एवढ्या विद्या सोडून पोरीला हेच सुचलं? ज्याचं काम त्यानं करावं." आणि कूस वळवून निजलो.

दोन वाक्ये. त्याच सायंकाळी आम्ही कीर्तनात संतांची सर्व जातींची मांदियाळी गाऊन आलो होतो. गोरोबांचे मडके, सावतोबांचा मळा, नरहरी सोनारांची बागेसरी, सेना महाराजांची धोकटी, एकही सोडले नव्हते. आणि राहुटीत आल्यावर तोंडातून जे निघाले ते ओट्यावर बसून न्हाव्याला अंगणात थांबवणाऱ्या जुन्या माणसाचे बोलणे होते. आमच्या आजोबांच्या तोंडचे म्हणा. ते अजून आमच्या पोटात होते, एवढे खरे.

आबांनी तो निवाडा मानला. पुढची दोन वर्षे ते मुलीच्या बिऱ्हाडी गेले नाहीत. ती गावी आली की आई वाढी, आणि आबा त्या वेळी अंजिरांना पाणी द्यावयास जात, मग बाग तुडुंब भिजलेली का असेना. आम्हाला याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो 2024 च्या श्रावणात. पुण्याजवळच्या एका गावी नाभिक मंडळींच्या देवळात आमचे पुण्यतिथीचे कीर्तन होते. आम्ही रंगलो होतो. कीर्तन संपल्यावर पाया पडावयास रांग लागली, तीत एक तरुण मुलगी. पाया पडून उठली आणि हळूच म्हणाली, "महाराज, मी आबांची मुलगी. तुम्ही आत्ता सांगितलंत, देवानं स्वतः वस्तरा हातात धरला. मग मी कातर धरली तर आबांना तुम्ही तसं का सांगितलंत?"

मागे रांग उभी होती. आम्हाला उत्तर सुचले नाही. "प्रसाद घेऊन जा, बाळ," एवढेच म्हणालो.

त्या रात्री आम्ही भक्तविजय पुन्हा काढला. महिपतिबोवांनी तो 1762 साली पुरा केला. त्यातली सेना महाराजांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि उत्तरेकडेही नाभादासांच्या भक्तमालात सेनाजी आहेत. बांधवगडच्या राजाशी तिकडची परंपरा त्यांना जोडते. त्यांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. काळाविषयी आणि मराठी अभंगांविषयी पंडितांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. कथा अशी की सेना महाराज पूजेत बसले आहेत, राजाचे बोलावणे येते, पुन्हा येते, हे उठत नाहीत. राजा संतापतो. तेव्हा भगवंत सेनाजींचे रूप घेऊन धोकटी काखेत मारतात आणि राजवाड्यात जातात. राजाची हजामत करतात, अंगाला तेल लावतात. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसते. तो ओंजळभर होन देतो, देव ते धोकटीत टाकून अंतर्धान पावतात. मागाहून खरे सेनाजी येतात, आणि राजा म्हणतो, तुझ्या हातचे सुख पुन्हा दे.

आम्ही कीर्तनकार या कथेत काय करतो, सांगू? वाटीतल्या चतुर्भुज रूपाकडे पळत सुटतो. तेथे टाळ वाजतात, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्याच्या आधी एक गोष्ट होऊन गेलेली असते, ती आम्ही एका वाक्यात उरकतो. देवाने हजामत केली. चमत्कारच करावयाचा होता तर राजाचा राग घालवता आला असता, दाढी आपोआप नाहीशी करता आली असती, दुसऱ्या कोणाला धाडता आले असते. देवाने यातले काही केले नाही. वस्तरा परजला, पाणी लावले, माणसाचे डोके दोन हातांत धरले आणि काम केले. आणि काम असे केले की राजाला भुरळ पडली. राजाने आधी हात ओळखला, रूप त्यानंतर दिसले. ते काम हलके असते तर वैकुंठीच्या राण्याने त्याला हात लावला असता काय?

आता कोणी म्हणेल, देवाने भक्ताची लाज राखली, कामाची थोरवी त्यात कोठे आली? हीच शंका आम्हालाही होती. म्हणून आम्ही ठरवले की ते काम आहे तरी काय, हे एकदा पाहून यावे. दिवाळीनंतर पुण्यास गेलो आणि मुलीला निरोप धाडून तिच्या दुकानी गेलो. आता ती पहिल्या ठिकाणी नाही. पहिले का सोडले ते पुढे येईल. तीन खुर्च्यांचे साधे दुकान आहे, भागीदारीत.

आम्ही कोपऱ्यात बाकावर तीन तास बसून होतो. (आमच्या धोतर-फेट्याकडे पाहून दोन गिऱ्हाइके दारातून परत गेली, त्याची भरपाई आम्ही केस कापून घेऊन केली.) एक गोष्ट ध्यानात आली. खुर्चीवर माणूस बसला की ती लगेच कातर उचलत नाही. आधी कोरड्या केसांतून बोटे फिरवते, मानेवरची वळणे पाहते, भोवरा कोठे आहे ते पाहते. तिने सांगितले, "भोवऱ्याजवळ केस एक बोट जादा ठेवावे लागतात, महाराज, नाहीतर ते उभे राहतात. ओले केस ताणले की लांबतात, वाळले की आखडतात, कुरळे तर फारच आखडतात. ओल्यात मापानं कापलं की घरी जाऊन माणूस रडतो." डोक्यावर साधारण लाखभर केस, महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढणार, रोज पन्नास-शंभर गळणार. हे सर्व तिच्या बोटांना ठाऊक. आठ-नऊ तास उभी राहते. पायांच्या शिरा फुगू नयेत म्हणून घट्ट मोजे घालते.

आणि खुर्चीवर बसलेली माणसे बोलतात. आमच्याजवळ मंडळी पाया पडून बोलतात, म्हणजे निवडून बोलतात. तेथे डोळे मिटून बोलत होती. एक बाई कर्करोगाचे औषध घेऊन आलेली, केस जात होते, उरलेले काढून टाकावयाचे होते. पोरीने पडदा ओढला, आरशावर टॉवेल टाकला आणि काम झाल्यावर बाईने मागितला तेव्हाच काढला. सेना महाराजांच्या नावावर जो प्रसिद्ध अभंग आहे त्यात हजामतीच्या हत्यारांचीच रूपके आहेत, आरसा हा विवेकाचा. आम्ही त्या आरशावर तास तास बोललो आहोत. आरसा कधी झाकावा, हे मात्र तेथे पाहिले.

तिच्या आरशाशेजारी पांडुरंगाची तसबीर, आणि खाली एका गोऱ्या माणसाचे चित्र. कोण म्हणून विचारले, तर "विडाल ससून" म्हणाली. आम्हाला वाटले ससून हॉस्पिटलवाले कोणी असतील. ती हसली. हा लंडनचा, गरिबाघरचा. पुढे आम्ही त्याचे चरित्र मिळवून वाचले, आणि आज दृष्टांताला तेच घेत आहोत. कोणी म्हणेल, परदेशातला ज्यू केशकर्तनकार वारकऱ्यांच्या मासिकात कशाला? पण चांगली गोष्ट दिसली की पदरात घ्यावी.

तो 1928 साली लंडनमध्ये जन्मला. बाप घर सोडून गेला. आईला दोन पोरे पोसवेनात म्हणून तिने त्यांना अनाथालयात ठेवले, तेथे त्याची कित्येक वर्षे गेली. महायुद्ध चालू होते, पोरगा चौदा वर्षांचा झाला, तेव्हा आईने त्याला केशकर्तनाच्या दुकानात नेले. मुलाला त्याची मुळीच आवड नव्हती. त्याला फुटबॉल खेळायचा होता. पण आईच्या मनाने घेतले होते की हा हेच करणार. दुकानदार कोहेन, व्हाइटचॅपलमधला. शिकवणीची फी सांगितली शंभर गिनी. आईजवळ कोठले तेवढे? ती उठली. पोराने दुकानदाराला टोपी काढून नमस्कार केला आणि आईसाठी दार उघडून धरले. ते पाहून कोहेनने त्यांना परत बोलावले आणि फी न घेता पोराला ठेवून घेतले. अट एवढीच, की रोज विजारीला इस्त्री पाहिजे, बूट चकचकीत पाहिजेत, नखे साफ पाहिजेत. लोक रात्री बाँबच्या भीतीने तळघरांत निजत होते, त्या काळात ही अट.

पुढे तो ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध लंडनच्या रस्त्यांत उभा राहिला, 1948 साली इस्रायलच्या युद्धात लढला, आणि परत येऊन पुन्हा कातर धरली. लंडनच्या श्रीमंत वस्तीतल्या दुकानांत त्याला कोणी घेईना, कारण त्याची बोली पूर्वेकडल्या गरीब मोहल्ल्याची. त्याने बोलण्याची शिकवणी लावली. आपल्या खेड्यातल्या पोरांना पुण्यात बोलताना जी जीभ अडखळते, तीच ही गोष्ट. 1954 मध्ये बाँड स्ट्रीटवर छोटे दुकान काढले. त्या काळी तिकडच्या बायका दर आठवड्यास दुकानात जाऊन केसांत गुंडाळ्या घालीत, गरम हवेच्या टोपाखाली तासन्‌तास बसत, वर फवारा मारून केस लाकडासारखे करीत, आणि मग आठवडाभर उशीवर नीट डोके टेकवीत नसत. याला ते पटेना. केस जसे पडतात तसेच कापावे, म्हणजे धुवून, झटकून बाई आपल्या कामाला जाईल, असे त्याच्या मनात होते. ते त्याच्या हाताला साधले 1963 च्या सुमारास. दुकान काढल्यापासून नऊ वर्षे. इमारती बांधणाऱ्यांच्या रेषा पाहून त्याने केसांच्या रेषा बेतल्या. मग जग त्याच्या मागे लागले, अमेरिकेत दुकाने निघाली, शाळा निघाल्या, बाटल्यांवर नाव छापले गेले. 2012 साली तो वारला.

आम्हाला यातली कीर्ती सांगावयाची नाही. आजकाल पोरांना सांगतात, तुला जे आवडते ते कर. या माणसाला ते आवडत नव्हते. झाडलोट करता करता, डोकी धुता धुता त्याला गोडी लागली. आमच्या मुलीचे उलटे, तिला मक्याच्या कणसापासून आवड. पण आवड असूनही आठ महिने झाडूच हाती होता. दोघे एकाच ठिकाणी येऊन पोचले. अठराव्या अध्यायात माउली सांगतात की आपल्या वाट्याचे कर्म हेच फूल करून ईश्वराला वाहावे. वाट्याचे म्हणजे कोणते, यावर आबांचे आणि आमचे घोडे अडले होते. आम्ही म्हणालो होतो, ज्याचे काम त्याने करावे. ज्याचे म्हणजे ज्याच्या बापाचे, हा अर्थ आम्ही आपल्या पदरचा घातला होता. तसे असते तर नामदेवरायांनी कपडेच शिवावयाचे होते, आणि आम्हीही, आमच्या वाडवडिलांप्रमाणे, औत धरावयाचे होते. कीर्तन करणे हा आमच्या कुळाचा धंदा थोडाच आहे!

आता दुसरी शंका. हा धंदा नटण्यामुरडण्याचा. संतांनी देहाच्या कौतुकाला नावे ठेवली, आणि तुम्ही त्याची पूजा मांडता? या शंकेत जोर आहे, ती झटकून टाकता येत नाही. सौंदर्याचा बाजार माणसाला आधी कुरूप ठरवतो आणि मग उपाय विकतो. गोरेपणाची मलमे याच बाजारातली. केस सरळ करण्याच्या काही औषधांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, ती वापरणाऱ्याच्या आणि लावणाऱ्याच्या दोघांच्याही छातीत जाते. केसांच्या काळ्या रंगाने काहींना भयंकर ॲलर्जी होते, डोळे सुजून बंद होतात. म्हणून दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून पाहावा असा नियम आहे. पहिल्या दुकानात ही मुलगी तसा आग्रह धरी. मालक म्हणे, गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत येत नसते, लाव आज. एका बाईला तिने रंग लावला नाही, पुन्हा या म्हणाली. त्यावरून बोलाचाली झाली आणि तिने ते दुकान सोडले. तीन महिने काम नव्हते. घरी सांगितले नाही, कारण घरी सांगावयाची वाट आम्ही बंद करून ठेवली होती.

हात आखडता घेणे हेही या धंद्यात पूर्वीपासून आहे, हे नाभिक मंडळींना अभिमानाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे नवरा मेला की बाईचे केशवपन करीत. ते करावयास न्हावी लागे, आणि त्याचा हक्क त्याला मिळे. दहा-बारा वर्षांच्या पोरींच्याही डोक्यावरून वस्तरा फिरला आहे. 1890 साली मुंबईत, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. त्याची वार्ता लंडनच्या टाइम्सपर्यंत गेली. शास्त्री वाद घालीत होते, सुधारक लेख लिहीत होते. आणि या हातावर पोट असलेल्या माणसांनी वस्तरा धोकटीत घातला आणि धोकटीचे तोंड आवळले. सेना महाराजांच्या वेळी देवाने ती धोकटी उचलली होती. या वेळी ती मिटवताना देव कोठे असेल, हे श्रोत्यांनीच सांगावे.

हे सारे आम्ही गेल्या माघात एका नाभिक मंडळाच्या देवळात बोललो. वाटले होते, मंडळी खूष होतील. झाली देखील. पण एक वृद्ध गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, उठले. म्हणाले, "महाराज, बोललात ते गोड वाटलं. पण एक सांगा. आम्ही केलं तवा ते हलकं होतं. बलुतं घ्यायला ओट्याखाली उभं राहावं लागायचं. आता काचेची दुकानं झाली, गार हवा आली, पैसा आला, तर सगळ्या जातींची पोरं या कामात आली. येऊ द्या. पण दुकान कंपनीचं आणि खाली पडलेले केस झाडतोय माझा नातू. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला खुर्ची नाही. तुमच्या कीर्तनात याचं काय?"

आमच्या कीर्तनात याचे काही नव्हते. अजूनही नाही. एखाद्या कामाचा विटाळ गेला म्हणजे ज्यांनी तो विटाळ सोसला त्यांना त्याचे फळ मिळतेच असे नाही, ही गोष्ट त्या गृहस्थांनी आमच्या पदरी घातली, ती तशीच आहे. तो नातू सध्या आबांच्या मुलीच्या दुकानात शिकतो आहे. सहा महिने झाले, त्याच्या हाती कातर आहे. एका पोराची सोय झाली, एवढेच म्हणता येईल.

आबांकडे आम्ही दिवाळीनंतरच गेलो होतो, पुण्याहून परस्पर. बागेत होते. आम्ही म्हणालो, "आबा, लोणंदला आम्ही बोललो ते चुकलं. ते शब्द आम्ही मागे घेतो." त्यांनी पाण्याची दारं मोडली, फावडे टेकवले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "महाराज, तुम्ही बोललाव ते तुम्ही माघारी घेतलंत. पर माझ्यात तवा गेलं ते माझ्याच मनातलं व्हतं म्हणून बसलं. ते काढाया येळ लागंल." आम्ही चहा घेतला आणि आलो. एवढे शिकूनही आम्हाला जे कळले नव्हते ते त्यांनी सांगितले, त्यावर काय बोलणार?

यंदाच्या आषाढात पालख्या पुण्यात आल्या. वाचकांना ठाऊक आहे, माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. त्या मुक्कामी शहरातले नाभिक बांधव रस्त्याच्या कडेला खुर्च्या मांडून वारकऱ्यांची हजामत फुकट करतात, पाय चोळून देतात, ही सेवा जुनी आहे. यंदा त्या रांगेत आबांची मुलगी उभी होती, शेजारी तो नातू. सकाळपासून साठ-सत्तर डोकी झाली होती असे ती म्हणाली. पुरुषांबरोबर बायकाही येत होत्या. जटा झालेले केस सोडवून, धुवून, वेणी घालून देत होती. एका म्हातारीने वेणी झाल्यावर तिच्याच पायांना हात लावला, तशी ही दोन पावले मागे सरली.

आमची दिंडी विसाव्याला तिथेच टेकली होती. आबा समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, टाळ मांडीवर. मुलीने पाहिले होते. तिने हाक मारली नाही, कामही थांबवले नाही. अर्धा-पाऊण तास असा गेला. पाऊस भुरभुरू लागला तशी रांग मोडली, खुर्ची रिकामी झाली. आबा उठले. आम्हाला वाटले, चालले दिंडीकडे. ते रस्ता ओलांडून गेले, टाळ आमच्या हाती दिले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. मुलीने कपडा अंगावर टाकला. तिचे हात थरथरत होते, म्हणून तिने कातर खाली ठेवली आणि आधी नुसती फणी फिरवीत राहिली.

"आबा, कसे कापू?" तिने विचारले.

आबांनी डोळे मिटले होते. "मागून जरा बारीक कर," म्हणाले. "उन्हाचं लई उकडतं वाटेत."

रामकृष्ण हरि.